पाचव्या घराची हाक

“लेकरू माझ्याकडं दे आन् तू हितं बस,” अनसूयामामी म्हणाल्या आणि महादरवाजाच्या आतल्या अंगाचा एक दगड त्यांनी पदरानं झटकला.

मी बसले नाही. शाल्मली पट्ट्यांच्या झोळीत माझ्या छातीशी बांधलेली होती, आणि दीड तास गड चढून आल्यावरही त्या पट्ट्या सोडायचा माझा विचार नव्हता.

“कुठे नेणार तिला?”

“कुठं म्हंजी? गडावर. सात घरं हिंडंल आन् हितंच यील परत.”

“मग मी येते ना बरोबर.”

“आई न्हाय येत,” मामी म्हणाल्या. सूर्य पूर्वेला उगवतो, हे सांगावं तितक्या सहज.

मी शैलेशकडे पाहिलं. माझा नवरा एकाएकी बुटाच्या नाडीत फार गुंतून गेला होता. लग्नाला तेव्हा चार वर्षं झाली होती. इतका वेळ नाडी सोडवणारा नवरा काहीतरी लपवतो आहे, हे कळायला तेवढी पुरतात.

“तुला माहीत होतं.”

“म्हणजे... ऐकलं होतं,” तो नाडीला म्हणाला. “पण हल्ली करत असतील असं वाटलं नव्हतं.”

“वाटलं न्हवतं कसं?” धोंडूमामा मागून म्हणाले. “फोनवर तूच म्हनलास न्हवं, मामा, पोरीला आनतो, गडफेर करून टाकू.”

शैलेशनं दुसऱ्या बुटाची नाडी हातात घेतली.

ही अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. नेसणगडाच्या माथ्यावर सत्तावीस उंबऱ्यांचं गाव आहे. किल्लेदार गेले, तोफा गेल्या, पण पहारेकऱ्यांची ही घरं खाली उतरलीच नाहीत. गाडीरस्ता पायथ्याच्या वाडीपर्यंतच. तिथून पुढे मीठ, पत्रे, गॅसचं सिलिंडर, सगळं माणसांच्या डोक्यावरून वर जातं. शैलेश कॉलेजात असल्यापासून इथे येत होता. पाण्याची जुनी टाकी मोजायची, तटावरून हिंडायचं आणि रात्री मामांच्या ओसरीवर पडायचं. शाल्मली झाल्यापासून तो आला नव्हता. ‘एकदा जाऊन येऊ, जरा हवापालट होईल,’ असं त्यानं महिनाभर लावलं होतं. हवा कुणाची पालटायची ते तो बोलत नव्हता, आणि मी विचारत नव्हते.

मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे. आई होणाऱ्या बाईनं शिकू नये असा एखादा विषय असेल तर तो हाच. बाकीच्या बायकांना दुधाची बाटली दिसते. मला त्या बाटलीच्या बुडाशी वाढणारी वसाहत दिसते. शाल्मली नऊ महिन्यांची होती. रात्री तासातासाला उठायची. दिवसा झोपायची ती फक्त माझ्या मांडीवर, वीस मिनिटं. दुसऱ्या कुणी घेतलं, अगदी सासूबाईंनीही, की निळी पडेपर्यंत रडायची. एका वहीत मी तिचं सगळं लिहीत असे: दूध, शी, शिंका, झोप. तिला नजरेआड होऊ देणं मला जमायचं नाही. आंघोळीला गेले तरी मी न्हाणीघराचं दार पूर्ण लावत नसे.

तर अशी मी, आणि समोर हात पसरून उभ्या असलेल्या मामी.

“नको वाटत आसंल तर ऱ्हाऊ दे,” त्या म्हणाल्या. “जबरी न्हाय. पर आई मागनं आली तर पोर आईकडंच बगत ऱ्हातं. घर बगत न्हाय, मान्सं बगत न्हाय. म्हनून आईनं हितं बसायचं.”

“लई जुनी पद्धत हाय,” मामांनी समजावलं. “पूर्वी सात ठिकानी पहारा असायचा. ह्यानं त्याला हाक द्यायची, त्यानं फुडच्याला. सात हाका पुऱ्या झाल्या की गड जागा हाय. आता पहारा न्हाय, पर हाका ऱ्हायल्या. गडावर नवं लेकरू आलं की पायानं चालायच्या आत गडानं त्याला उचलायचं. सात घरं, सात हाका. लेकरू कुटं पोचलं ते हितं बसून कळतंय की तुला.”

हाका मी सकाळीच ऐकल्या होत्या. पायथ्याला गाडीतून उतरलो तेव्हा मामांनी तोंडाशी हात धरून वर आरोळी ठोकली होती, “पाव्हनं आलंऽऽ! दोन मोठी, एक लेकरूऽऽ!” आणि वरून कुठूनतरी उत्तर आलं होतं, “येऊ द्याऽऽ!” वर पोचलो तर उंबऱ्यावर पाण्याचा तांब्या आणि चुलीवर चहा तयार. मोबाइलला तिथे रेघसुद्धा नव्हती.

मी नाही म्हणणार होते. तोंड उघडलंही होतं. पण शाल्मलीनं झोळीतून एक हात बाहेर काढला आणि मामींच्या नाकातली चमकी पकडली. मामी पुढे वाकल्या. शाल्मलीही पुढे झुकली. नऊ महिन्यांत ती कुणाकडे झुकलेली मी पाहिली नव्हती. सासूबाईंना हे कळवायचं नाही, एवढं मी मनाशी ठरवलं आणि पट्ट्या सोडल्या.

“पण एक मिनिट,” मी म्हणाले. “हात धुतल्याशिवाय कुणी घ्यायचं नाही. साबणानं. मध चाटवायचा नाही, एक बोटसुद्धा नाही. पाणी पाजायचं नाही. आणि गालाचे पापे घ्यायचे नाहीत.”

मामींनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग गडाकडे तोंड केलं आणि माझ्या कानाशीच ओरडल्या, “लेकरू निघालंऽऽ! हात धुवाऽऽ! साबनानंऽऽ! मध न्हायऽऽ! पानी न्हायऽऽ! मुकं न्हाय घ्यायचंऽऽ!”

टाक्याच्या बाजूनं दुसऱ्या घराची बाई ओरडली, “हात धुवाऽऽ! मध न्हायऽऽ!” मग आणखी लांबून, भैरोबाच्या देवळापलीकडून एक पुरुषी आवाज, “हात धुवाऽऽ!” मग चौथा. माझ्या अटी आख्ख्या किल्ल्याला प्रदक्षिणा घालायला निघाल्या होत्या. मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. शैलेश पाठमोरा होता, पण त्याचे खांदे हलत होते.

“हसू नकोस.”

“नाही हसत.”

“मानेपर्यंत लाल झालायस.”

मामी शाल्मलीला कडेवर घेऊन वळणावरून दिसेनाशा झाल्या. मी दगडावर बसले. हातांचं काय करायचं ते मला कळेना. शेवटी ते मांडीखाली घातले.

पाच मिनिटांनी हाक आली. “दुसऱ्या घरी आलंऽऽ! रडत न्हायऽऽ!”

मला हायसं वाटलं. आणि खरं सांगायचं तर थोडा अपमानही.

मामी रिकाम्या हातानं परत आल्या आणि दरवाजालगतच्या आपल्या, म्हणजे पहिल्याच घरात भाकऱ्या थापायला बसल्या. प्रत्येक घरानं पुढच्या घरापर्यंत पोचवायचं, अशी रीत होती.

“तिसऱ्या घरीऽऽ! हात धुतलंऽऽ!”

“बघ,” शैलेश म्हणाला.

“चौथ्या घरीऽऽ! कुत्र्याची शेपटी धरलीऽऽ!”

मी उठून उभी राहिले. “कुत्र्याला इंजेक्शन दिलंय का?”

“कशापायी?” मामा म्हणाले. “कुत्रं गरीब हाय. तेच भ्यालं आसंल.” तरी माझा चेहरा पाहून त्यांनी तोंडाशी हात नेला, “तिचं हात धुवा म्हनंऽऽ! लेकराचंऽऽ!”

“धुतोऽऽ!”

“आता फुडच्या हाकंला कानावर हात ठिव,” मामा माझ्याशेजारी टेकत म्हणाले. “पाचवं घर गेनूनानाचं. त्यानं हाक दिली की खालच्या वाडीतली कुत्री भुंकत्यात.”

“एवढा मोठा आवाज?”

“एकदा रातचा बिबट्या आल्ता त्याच्या आंगनात. नाना नुस्तं म्हनला, कोन हाय. बिबट्या परत गडावर आला न्हाय.” मामांनी तंबाखू चोळली. “आमची म्हस बी दोन दिस आली न्हाय.”

मी हसले. मग हसता हसता थांबले. एवढ्या आवाजानं ती दचकेल. आणि पाठोपाठ दुसरं काहीतरी आठवलं. लग्नाआधी शैलेशनं मला एक फोटो दाखवला होता: त्याचे दोन लोंबते पाय, पायांखाली ढग. ‘पश्चिम बुरुजावरच्या एका घराचं अंगण आहे,’ तो तेव्हा ऐटीत म्हणाला होता. ‘पुढे काहीच नाही. सरळ तीनशे फूट.’

“शैलेश, तो तुझा पायांचा फोटो. ते अंगण कुणाचं?”

त्याचा हात पुन्हा बुटाच्या नाडीकडे गेला.

“पाचव्या घराचं?”

“अगं, नानांचे तीन मुलगे त्याच अंगणात वाढले.”

मी घड्याळ पाहिलं. अकरा बत्तीस.

अकरा चाळीस झाले. हाक आली नाही. चौथं घर आणि पाचवं घर यांत जेमतेम दीडशे पावलं आहेत, असं मामाच म्हणाले होते. पावणेबारा झाले. मामांची तंबाखू चोळायची थांबली होती. ती तशीच तळहातावर राहिली.

आणि तेव्हा मला जाणवलं की नुसती हाकच नाही, गडावरचा सगळाच आवाज बंद झाला होता. इतका वेळ कुठेतरी उखळात काहीतरी कांडलं जात होतं, लाकूड फुटत होतं, शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा किणकिणत होत्या, एक कोंबडा अवेळी आरवत होता. आता काही नाही. वारासुद्धा तटाच्या बाहेरूनच चालला होता.

“मामा, काय झालं?”

“काय न्हाय. यील की.” पण ते उठून उभे राहिले होते.

“नेहमी एवढा वेळ लागतो?”

“न्हाय,” मामा म्हणाले. त्यांना खोटं बोलता येत नाही, हा त्यांचा दोष आहे.

मी पळाले.

“केतकी, थांब!” शैलेश.

“आगं पोरी, फेर मोडंल!” मामी दारात, पिठाच्या हातांनी.

टाक्याला वळसा घालून मी दुसऱ्या घराशी आले. दारात एक बाई उभी होती. मला पाहताच तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हातानं ‘मागं जा’ अशी खूण केली.

“माझी मुलगी—”

ती जोरजोरात मान हलवायला लागली आणि बोट ओठांवर आणखीच दाबलं. मी तिला ओलांडून पुढे गेले. देवळापाशी एक माणूस कुऱ्हाड खांद्याच्या वर उचलून तसाच उभा होता. समोर ओंडका. त्यानं कुऱ्हाड खाली आणली नाही, माझ्याशी बोललाही नाही, फक्त डोळ्यांनी पश्चिमेकडे दाखवलं. चौथ्या घरापुढे एका पोक्त बाईनं काखेत कोंबडा दाबून धरला होता आणि दोन बोटांनी त्याची चोच मिटली होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. पायाशी तिची म्हातारी सासू कुत्र्याचं तोंड कुशीत धरून बसली होती.

माणसं अशी गप्प कधी होतात, ते मला माहीत होतं.

पुढे शेळ्या होत्या. त्यांच्या गळ्यातल्या घंटांमध्ये कुणीतरी गवत कोंबलं होतं. हे मी पाहिलं, पण त्याचा अर्थ लावायला माझ्याकडे डोकं उरलं नव्हतं. मला फक्त पुढचा बुरूज दिसत होता, आणि बुरुजाच्या पुढे दिसणारं नुसतं आभाळ.

अंगणात पाऊल टाकलं आणि थांबले.

कड्याच्या बाजूला एक बाज आडवी उभी करून काथ्यानं दोन्हीकडे आवळून बांधली होती. तिच्यावर घोंगडी. घोंगडीच्या अलीकडे दगडांची कमरेएवढी रास, नवीनच रचलेली. दगडांच्या खालची ओली माती अजून तशीच होती. भिंतीला टेकून एक प्रचंड माणूस पाय लांब करून बसला होता. पांढऱ्या मिशा, रेड्यासारखे खांदे. त्याच्या पसरलेल्या पायांवर, दोन नडग्यांच्या खोबणीत, शाल्मली होती. तोंड उघडं, एक हात डोक्यावर, दुसऱ्या मुठीत त्याच्या पटक्याचं टोक.

मी गुडघ्यांवर बसले आणि तिच्या नाकाखाली बोट धरलं. गरम, ओलसर श्वास. आत, बाहेर.

“झोपलीया,” गेनूनाना म्हणाले.

ते कुजबुजले असं त्यांना वाटत होतं. करवतीनं लाकूड कापावं तसा तो आवाज होता. शाल्मलीची पापणी हलली. नानांनी भीतीनं स्वतःच्याच तोंडावर पंजा दाबला.

थोड्या वेळानं पंजा बाजूला करून ते पुन्हा प्रयत्न करू लागले. “आली ती हाताला आली आन् मान टाकली. म्या भ्यालो. हाक द्यायची तर ही उठंल. चौथीवालीला हातानं सांगितलं, ऱ्हावा. तिनं तिसऱ्याला सांगितलं. खाली दरवाजाला सांगायला कोन जानार? चालायचा बी आवाज व्हतो न्हवं.”

“म्हणून सगळे...”

“मंग? लेकरू झोपलंय.”

गावानं श्वास रोखून धरला होता, तो यासाठी. चौथ्या घरच्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं ते शिंक अडवल्यामुळे, हे मला नंतर कळलं.

“आणि ही बाज?” मी कड्याकडे बोट केलं.

“सकाळी हाक आली न्हवं, लेकरू येतंय म्हनून. तवाच म्हनलं, शिकल्याली आई हाय, भिईल.” नाना थोडे ओशाळले. “हात बी धुतल्यात. दोनदा. साबन व्हता घरात.”

उंबऱ्यापाशी बादली होती, तिच्या कडेवर हिरव्या साबणाची अखंड, नवी वडी. मी त्या वडीकडे पाहत राहिले. मला काहीतरी म्हणायचं होतं, पण ते जोरात म्हणता येत नव्हतं आणि हळू म्हणण्यासारखं नव्हतं.

“बस की भिंतीला टेकून,” नाना म्हणाले. “ऊन बरं हाय.”

पौषातलं ऊन होतं. भिंत शेणानं नुकतीच सारवलेली, पाठीला उबदार. खाली लांबवर धरणाचं पाणी कुणीतरी पत्रा टाकून ठेवावा तसं पडलं होतं आणि नाचणी काढून घेतलेली शेतं उतारावर पिवळी झाली होती. पाचच मिनिटं टेकते, तिच्यावर लक्ष ठेवते, असं मी ठरवलं. तेवढंच आठवतं.

मी जागी झाले तेव्हा अंगावर एक घोंगडी होती आणि समोर सगळं गाव बसलं होतं.

खरंच बसलं होतं. अंगणात, पायरीवर, तटाच्या दगडांवर, पन्नास-साठ माणसं, चावडीवर जमावीत तशी, पण एक शब्द नाही. मामा-मामी होते. शैलेश बूट हातात घेऊन अनवाणी उभा होता. शाल्मली जागी होती, नानांच्या मांडीवर बसून त्यांची मिशी ओढत होती, आणि नाना डोळ्यांत पाणी येऊनही हूं की चूं करत नव्हते.

“किती वाजले?” मी विचारलं.

“दोन चाळीस,” शैलेश कुजबुजला. “ती दोनला उठली. तुला उठवायचं नाही, असा हुकूम निघाला.”

“झाली का झोप, बाय?” नानांनी अजून त्याच करवती कुजबुजीत विचारलं. “आता बोलू का?”

“बोला ना.”

“बरंऽऽ झालं!” नाना म्हणाले, आणि बुरुजातले सगळे पारवे एकदम उडाले. मी दोन्ही हातांनी शाल्मलीकडे झेपावले. तिनं नानांच्या तोंडाकडे पाहिलं, ते पुन्हा कधी उघडतंय याची वाट पाहत, आणि खदखदून हसली.

मग मात्र सगळेच एकदम बोलायला लागले.

“आता जेवाय चला,” कुणीतरी म्हणालं.

“जेवाय कसं? फेर कुटं पुरा झालाय?”

“फेर मोडला की. आई मधीच आली.”

“मंग पयल्यापासनं करा.”

“पयल्यापासनं? दिस मावळंल! सारा गड उपाशी हाय!” मामी कडाडल्या. “भाकरीची वाकळ झाली तितं!”

माझ्यामुळे सत्तावीस घरं उपाशी बसली होती. मी मान खाली घातली. “माझं चुकलं. मला वाटलं...”

“तुला काय वाटलं ते समद्यांनी पायलं,” चौथ्या घरची म्हातारी म्हणाली. “चप्पल माझ्या दारात पडलीया एक. ती घिऊन जा.”

हशा पिकला. मी पायांकडे पाहिलं. उजवा पाय अनवाणी होता.

नानांनी हात वर केला आणि सगळे गप्प झाले. “फेर मोडला न्हाय,” ते म्हणाले. “आई पाचव्या घरात आली, पाचव्या घरात झोपली. तवा आता ती पाचव्या घरची झाली. पाचव्या घराची हाक ऱ्हायलीया. ती हिनं द्यावी आन् पोर फुडं द्यावं. काय म्हन्ता?”

“मी?” मी म्हणाले. आयुष्यात मी कधी रिक्षासुद्धा ओरडून थांबवली नव्हती.

“हां. उठ.”

मी शाल्मलीला कडेवर घेतलं आणि अंगणाच्या टोकाशी गेले. तोंडाशी हात धरला. सगळं गाव बघत होतं. “पाचव्या घरी,” मी म्हणाले.

“हे काय, दुकानात जिरं मागतीस व्हय?” मामी म्हणाल्या.

“पाचव्या घरीऽ!” माझा आवाज मध्येच फाटला.

“आगं पर तू कुनाकडं तोंड करून वरडतीस?” नानांनी विचारलं.

मी महादरवाजाकडे तोंड करून उभी होते. जिथे दगड होता, जिथे मी मघाशी हात मांडीखाली घालून बसले होते.

“तिकडेच ना? म्हणजे आईला कळायला, की लेकरू पोचलं.”

नाना हसले. “आईला कळतं, ते आपलं जाता जाता. हाक मागच्याला नसती, पोरी. मागच्यानं तर देऊन टाकलं. हाक फुडच्याला. त्यानं चुलीवरचं उतरावं, हात धुवावं, दार उघडावं. लेकरू येतंय.” त्यांनी माझ्या दोन्ही खांद्यांना धरून मला अख्खी वळवलं. “आता दे.”

समोर, करवंदीच्या जाळीपलीकडे, एक छोटं घर होतं. दार बंद. मी श्वास घेतला.

“पाचव्या घरातनं निघालंऽऽ! दार उघडाऽऽ!”

कुठून आला तो आवाज, मला अजून माहीत नाही. खालच्या वाडीत कुत्री भुंकली नाहीत, पण सहाव्या घराची कडी वाजली. एक तरुण बाई लगबगीनं बाहेर आली. आमच्यातूनच मघाशी पळत गेली असणार, कारण तिला धाप लागली होती. तिनं दोन्ही हात पुढे केले. कोपरापासून पाणी ठिबकत होतं.

“धुतलं हां, ताई!”

मी चालत गेले. साठ-सत्तर पावलं असतील. तिच्या हातात शाल्मलीला दिलं, आणि मग माझे हात तिथेच, हवेत, क्षणभर तसेच राहिले. शाल्मलीनं मागे वळून पाहिलं नाही. त्या बाईच्या कानातलं लोंबतं फूल तिनं पाहिलं होतं.

मी परत येऊन नानांच्या अंगणात बसले. सहावी हाक पुढे गेली, मग सातवी. मग सगळ्या गडानं एकदम जेवायला घेतलं. भाकऱ्या खरोखरच गार, चिवट झाल्या होत्या, आणि झुणका इतका तिखट की शैलेशच्या कानांतून धूर यायचा बाकी होता. त्या दिवशीचं वहीचं पान माझ्याकडे अजून आहे. दूध नाही, शी नाही, शिंका नाहीत. फक्त ‘झोप’ या रकान्यात एक ओळ: शाल्मली, दोन तास वीस मिनिटं. आणि तिच्याखाली, ती वही माझ्यासाठी नव्हती तरी, केतकी, पावणेतीन तास.

गेल्या डिसेंबरात आम्ही पुन्हा गेलो होतो. शाल्मली आता बारा वर्षांची होईल. महादरवाजाशी पोचायच्या आतच ती गावातल्या पोरींबरोबर तटावरून पसार झाली. मी ‘कडेला जाऊ नकोस’ म्हणाले, ते बहुधा दगडांनी ऐकलं.

मामींच्या दारात त्या दिवशी आणखी एक जोडपं आलं होतं, पुण्याहून, सात-आठ महिन्यांच्या बाळासह. बाळाची आई त्याच दगडावर बसली होती. हात मांडीखाली.

मामींनी बाळ कडेवर घेतलं, गडाकडे तोंड केलं आणि आरोळी दिली, “लेकरू निघालंऽऽ! हात धुवाऽऽ! साबनानंऽऽ! मध न्हायऽऽ! पानी न्हायऽऽ! मुकं न्हाय घ्यायचंऽऽ!”

“हे... असंच म्हणतात का?” त्या मुलीनं बिचकत विचारलं.

“व्हय. असंच म्हनायचं असतं,” मामा गंभीरपणे म्हणाले. “किल्लेदाराच्या येळंपासनं हाय हे.”

मी शैलेशकडे पाहिलं. तो बुटाची नाडी सोडवत होता.

दुसरं घर झालं, तिसरं झालं, चौथ्यानं हाक दिली. मग काही नाही. ती मुलगी अर्धी उठली. मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. घड्याळ पाहिलं नाही असं म्हणणार नाही. चार मिनिटं झाली होती. नानांचा आवाज आता वयानं बसला आहे. जोर लावला तरी ते आपल्यासारखेच बोलतात. मला तटावर गेलेली शाल्मली आठवली, आणि पश्चिम बुरुजाचं ते अंगण.

“काय झालं असेल?” मुलीनं विचारलं.

तेवढ्यात हाक आली. ओरडणाऱ्याचं तोंड पलीकडे होतं, म्हणून आमच्यापर्यंत ती बारीक होऊनच पोचली. तरी तो आवाज मी कुठेही ओळखला असता.

“पाचव्या घरातनं निघालंऽऽ! दार उघडाऽऽ!”

लांबवर सहाव्या घराची कडी वाजली.